नवऱ्याचा पगार चांगला असला तरी बहिणीला मोफत वकील मिळतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की बहीण मारहाणीला कंटाळून दोन महिन्यांपासून माहेरी आलीय, नवरा कंपनीत चांगल्या पगारावर आहे, वकिलाने ४० हजार सांगितलेत आणि त्यातले २० आधी, तर तिला मोफत वकील मिळतो का, नवऱ्याचा पगार आड येतो का, आणि फुकटातला वकील काही कामाचा असतो का.

दादा, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. मिळतो, आणि पगार आड येत नाही. तिसऱ्याचं तेवढं सरळ नाही, त्यावर खाली येते.

आधी सांगते, मी वकील नाही. कोर्टाच्या गेटसमोर टायपिंगचं टेबल आहे माझं, १३ वर्षं झाली. खावटीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, मुदतीचे अर्ज हेच दिवसभर. त्यामुळे कायद्याच्या पुस्तकातलं जेवढं माहितीये त्यापेक्षा बायका कुठे अडकतात ते जास्त माहितीये.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, लागू झाला १९९५ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला द्यायचा याची यादी आहे आणि त्यात "महिला" हा शब्द नुसता आहे, त्याला शेपूट नाही. गरीब महिला नाही, अमुक उत्पन्नाच्या आतली महिला नाही. उत्पन्नाची अट त्याच कलमात आहे पण ती खाली, वेगळ्या गटासाठी, जे यादीत दुसरीकडे कुठेच बसत नाहीत त्यांच्यासाठी. म्हणजे तुमची बहीण स्वतः नोकरी करत असती तरी मिळाला असता. आणि मला विचाराल तर हे बरोबरच केलंय, कारण पगार नवऱ्याचा, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात, बँकेचा मेसेज पण त्याच्याच फोनवर, मग ती बाई श्रीमंत कुठल्या हिशोबाने?

पण हे टेबलाच्या पलीकडच्या माणसाला माहिती असतंच असं नाही. मागच्या वर्षी एक बाई आली होती माझ्याकडे, साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्र टाइप करून द्या म्हणाली. कशाला हवाय दाखला विचारलं तर म्हणे मोफत वकिलासाठी, तिकडे खिडकीवर सांगितलं. त्या दाखल्यासाठी ती तहसीलला दोनदा जाऊन आली होती, दोन दिवसांचा रोज बुडाला आणि एसटीचं भाडं वेगळं. मी तिला म्हटलं हा कागद तुम्हाला लागतच नाही. तिला पटेना! मग मीच उठून तिच्याबरोबर गेले आणि कलम १२ दाखवलं तेव्हा तिथल्या माणसाने नुसता अर्ज ठेवून घेतला. (माझं गिऱ्हाईक मीच घालवलं त्या दिवशी.) तुमच्याकडे कोणी दाखला मागितलाच तर भांडू नका, "महिला म्हणून अर्ज करतेय, कलम १२" एवढंच अर्जात वरच लिहा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

आता जायचं कुठे. कोर्टाच्या आवारातच ऑफिस असतं, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. साध्या कागदावर अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथे लिहून घेतात, ऑनलाइन पण करता येतो, आणि घराबाहेरच पडता येत नसेल तर १५१०० वर फोन. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असा नियम आहे, नाकारला तर वरती अपील आहे. वकील पॅनेलवरचा, म्हणजे प्राधिकरणाने नेमलेल्या वकिलांच्या यादीतला मिळतो, पॅनेलवर बाई वकील असेल आणि तीच हवी असेल तर तसं अर्जातच मागा, मागितलं तर विचार करतात, न मागता कोण देतंय.

आणि एक, लोक याला "सरकारी वकील" म्हणतात त्यातून घोळ होतो. सरकारी वकील वेगळा. पोलिसांत गुन्हा दाखल झाला, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केल्याचं पूर्वीचं ४९८अ जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय, तर ती केस सरकार चालवतं आणि तिथे सरकारी वकील असतोच, त्याचे पैसे कुणालाच द्यायचे नसतात. पण गुन्हा दाखल झाला म्हणून बहिणीला राहायला जागा आणि महिन्याचा खर्च मिळत नाही. त्यासाठी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली, २००५ चा, आम्ही डीव्ही म्हणतो, मॅजिस्ट्रेटकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि मोफत वकील हवा असतो तो इथे.

डीव्हीचा अर्ज ती आत्ता जिथे राहतेय तिथल्या कोर्टात करता येतो, सासरच्या गावाला जायची गरज नाही. हे कितीतरी जणांना माहिती नसतं, आणि वकिलाच्या फीपेक्षा यात जास्त पैसे वाचतात, कारण तारीख काय एक नसते. बाई लेकरू घेऊन पहाटे निघते, चार तास प्रवास, पुकारा होतो दुपारी, समोरचा गैरहजर, पुढची तारीख. कायद्यात लिहिलंय पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा, मी १३ वर्षांत ६० दिवसांत निकाल लागलेला एकही पाहिला नाही, खोटं कशाला बोलू.

म्हणून अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता. डीव्ही कायद्याचं कलम २३. मूळ अर्जाबरोबरच तो लावायला सांगा, नंतर बघू म्हणणाऱ्या वकिलाचं ऐकू नका. त्यात खर्चाची रक्कम, घरात राहण्याचा हक्क, त्याने जवळ यायचं नाही असा मनाई हुकूम, सगळं निकालाच्या आधी तात्पुरतं मागता येतं, परिस्थिती तशी असेल तर समोरच्याला न ऐकता एकतर्फी पण मिळतं. आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सांगून ठेवलंय की खावटी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपापली मिळकत, कर्ज, खर्च प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यायचे. म्हणजे पगार लपवायचं त्याचं काम अवघड होतं, आणि तुम्ही पैसे जमवत घरी बसलात तर तेवढ्या महिन्यांची खावटी गेली समजा. दोन महिने आधीच गेलेत तुमचे.

कोर्टातल्या बाकीच्या किरकोळ खर्चाचं पण सांगते, कारण तिथेच बायकांकडून शे-दोनशे करत भरपूर पैसे निघतात. महाराष्ट्रात १९९४ पासून खावटी, घटस्फोट आणि हिंसाचाराच्या केसेसमध्ये बायकांना कोर्ट फी माफ आहे. कोर्टात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं, तरी आजही रोज कोणीतरी माझ्याकडे स्टॅम्प पेपर घेऊन येतंच, कुणीतरी सांगितलेलं असतं. डीव्हीत झालेल्या हुकुमाची प्रत कोर्टाने मोफत द्यायची असते. मोफत मदतीत नुसता वकील नाही, टायपिंग, कागदपत्रं, नकलांचा खर्च पण येतो, म्हणजे माझ्यासारखीला सुद्धा पैसे द्यायचे नाहीत.

आता तिसरा प्रश्न. फुकटचा वकील कसा असतो? जसा पैशाचा असतो तसाच, काही मन लावून करणारे आणि काही फाइल काखेत घेऊन फिरणारे. पॅनेलच्या वकिलाला प्राधिकरणाकडून मानधन मिळतं, ते फार नसतं, त्यामुळे काहींना त्या फाइलची घाई नसते हे खरंय. आमच्या इथे एक तरुण पोरगी आहे पॅनेलवर, तिच्या अशिलाला ती तारखेच्या आदल्या दिवशी स्वतः फोन करते की उद्या या किंवा उद्या साहेब, म्हणजे न्यायाधीश, रजेवर आहेत येऊ नका. एवढ्या एका फोनने बाईचा अख्खा दिवस आणि भाडं वाचतं. ४० हजार घेणारा करतो का असा फोन, विचारून बघा.

आणि उलटंही बघितलंय. एकाने "फाइलचे" म्हणून एका बाईकडून ३ हजार घेतले, तिला वाटलं असंच असतं, तिने कानातलं गहाण टाकलं. तर हे स्पष्ट लक्षात ठेवा, पॅनेलच्या वकिलाला अशिलाकडून एक रुपया घेता येत नाही, चहापाण्याचा नाही, झेरॉक्सचा नाही. मागितले तर जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा, ते स्वतः न्यायाधीश असतात, त्यांना वकिलाची भीती नसते. त्या बाईचे पैसे परत आले, मीच टाइप केला होता तो अर्ज. वकील नुसता सुस्त असेल तरी बदलून मागता येतो, कारण लिहून द्यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वकील मिळेपर्यंत थांबायचं पण कारण नाही. महिला व बालविकास खात्याचे संरक्षण अधिकारी असतात, ते घटनेचा अहवाल करतात, अर्जाचा फॉर्म मोफत देतात, कोर्टात अर्ज पण लावून देऊ शकतात, आणि तिला मोफत वकील मिळवून देणं हे कायद्यानेच त्यांचं काम आहे. अडचण एवढीच की एकेका माणसाकडे भरपूर काम असतं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की जिल्हा आणि तालुक्याला हे अधिकारी नेमा आणि मोफत वकिलाच्या हक्काची लोकांना माहिती करून द्या, आमच्या गेटवर अजून तरी असा बोर्ड नाही, एल आकाराचा झेरॉक्सवाल्याचा बोर्ड मात्र आहे. काही पोलीस ठाण्यांत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष असतो, मुंबईत १९८४ ला सुरू झाला होता तो, तिथे वर्दीतले नाही तर समाजकार्य शिकलेले लोक बसतात आणि ते नीट ऐकून घेतात. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे त्रासातल्या बाईला एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र, ते पण आहे जिल्ह्याला. त्याने परत येऊन धिंगाणा घातला तर मात्र हे काही नाही, सरळ ११२, नाहीतर महिलांसाठीचा १८१.

माझं म्हणाल तर सरकारने फी माफ केली ते चांगलंच, पण बाई केस सोडते ती फीमुळे नाही, खेपांमुळे सोडते. पाचव्या-सहाव्या तारखेला ती येत नाही, मग अर्ज निकाली निघतो आणि रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं जातं अर्जदार गैरहजर. तारखेच्या दिवसाचं एसटी भाडं आणि बुडालेला रोज अर्ज करतानाच हातात मिळाला पाहिजे, तर त्याला मोफत म्हणता येईल. तोपर्यंत निदान एवढं करा की केसचा खर्चसुद्धा नवऱ्याकडून मागा, घटस्फोटाची केस चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पूर्वीच्या कलम १२५ च्या म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ च्या खावटीत पण तशी सोय आहे. वकील मोफत आहे म्हणून हा मागायचा नाही असं समजू नका, येण्याजाण्याचा खर्च दाखवा, तिकिटं जपून ठेवा. एक बाई सगळी तिकिटं टाचणीने एका कागदाला टोचून आणायची, साहेबांनी ती बघितली, मी तिथेच होते.

जाताना बहिणीचं आधार, लग्नाची पत्रिका किंवा फोटो, पोलिसांत दिलेल्या अर्जाची पोच, सरकारी दवाखान्याचा कागद असेल तर तो, मोबाईलमधले मारहाणीचे फोटो आणि मेसेज, आणि तिचे दागिने तिकडे राहिलेत त्याची यादी, स्त्रीधन परत मागता येतं त्याच अर्जात. नसेल यातलं काही तरी जा, रिकाम्या हाताने आलेल्यांचे पण अर्ज लागलेत. तारखांचं मात्र एक पान तिच्याकडूनच लिहून घ्या, कधी मारलं, कशावरून, कोण होतं तिथे, कारण वकिलासमोर बसल्यावर आठवत नाही आणि मग अर्जात "वारंवार मारहाण केली" एवढंच येतं, त्याने काही होत नाही.

त्या ४० हजारवाल्या वकिलाला २० दिले नसतील तर देऊ नका आत्ता, दिले असतील तर पावती मागा. आणि कोर्ट ११ ला बसतं, त्याच्या आधी पोचा, एकदा साहेब कामकाजाला बसले की विधी सेवेच्या ऑफिसातला माणूस पण आत-बाहेर करत असतो आणि मग दुपारच्या सुट्टीपर्यंत बाकड्यावर बसावं लागतं.