गावाहून आलो, प्लॉटचं रान झालं

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ काउन्सिलकडून (स्थानिक पालिकेकडून) भाजीपाला पिकवायला भाड्याने घेतलेला अर्धा अलॉटमेंट प्लॉट आहे, साधारण 125 चौरस मीटर. जुलैअखेर तीन आठवडे पुण्याला जाऊन आलो. कोर्जेट (झुकिनी) हातभर झालेत, रनर बीन्स (घेवड्यासारख्या वेलीच्या शेंगा) निबर झाल्यात आणि बाकी सगळं तण. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : तणापासून नको. पहिल्या दिवशी कात्री, दोन-तीन पिशव्या आणि दहा लिटरची झारी एवढंच न्या.

आधी तोडणी. खाण्याजोगं असो वा नसो, वेलावरचं प्रत्येक जून फळ उतरवा. आतलं बी पक्व होऊ लागलं की झाडाचं काम झालं. मग ते नवं फळ धरायला नाखूश असतं. सगळं उतरवून पाणी दिलंत तर आठवड्या-दीड आठवड्यात कोवळे कोर्जेट पुन्हा दिसतील. हातभर झालेले फेकू नका. सालं आणि बिया काढून, किसून, पिळून थालीपिठात घाला. त्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका, फळ टाका आणि झाडही उपटा. कडू दुधीत असतं तेच कुकुर्बिटासिन हे विषारी द्रव्य यातही असू शकतं आणि ते शिजवून जात नाही. घरी धरलेल्या बियांच्या झाडांवर विशेष लक्ष ठेवा.

रनर बीन्सच्या फुगलेल्या शेंगाही सगळ्या काढा. आतले दाणे वाळवून ठेवता येतात, पण राजम्याचे सगळे नियम त्यांना लागू : रात्रभर भिजत, पाणी बदलून निदान दहा मिनिटं खळखळून उकळी, मग मऊ होईपर्यंत शिजवणं. स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, तिथली आच कमी पडते आणि विषारी द्रव्य तसंच राहतं.

मग पाणी. वरची माती पावसाने ओली दिसते आणि फसवते. खुरप्याने 15 सेंटिमीटर उकरून पाहा. आत कोरडी असेल तर कोर्जेटच्या प्रत्येक झाडाला एक झारी, पण दोन हप्त्यांत : अर्धी आधी, उरलेली दहा-पंधरा मिनिटांनी. फार वाळलेली माती पाणी पटकन पीत नाही, ते बाजूने वाहून जातं. रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा बुडापाशी भरपूर द्या.

आता तण, आणि तेही बी धरलेलं आधी. फॅट हेन नावाने इथले लोक ज्याला वैतागतात ते आपलं चाकवतच. ऑगस्टपर्यंत ते कमरेएवढं होऊन तुऱ्यात येतं. एकेका झाडाचं बी हजारोंनी पडतं. तुरे कापून पिशवीत भरा, कंपोस्टमध्ये नको. वाटेत कोवळे, पांढरी भुकटी असलेले शेंडे मिळाले तर ताकातल्या भाजीपुरते खुडा; मात्र ओळख पक्की हवी आणि शेजारच्या प्लॉटवर तणनाशक मारलेलं नको.

बाइंडवीड या चिवट, वेटाळणाऱ्या तणाशी मात्र घाई नडते. ही आपल्या हरणखुरीच्या कुळातली वेल. पिकावरून ओढून काढलीत तर पीकच तुटतं. जमिनीलगत कापा, वरचं तिथेच वाळू द्या. रोटाव्हेटर तर मुळीच फिरवू नका. पांढऱ्या मुळाचा प्रत्येक तुकडा नवा वेल होतो. शरद ऋतूत बागकामाच्या काट्याने (फोर्कने) माती सैल करून मुळं अखंड उपसा. बाकी कोवळं तण उन्हाच्या सकाळी खुरपून तिथेच पसरा, दुपारपर्यंत वाळतं.

ज्या भागाला यंदा हात लागणार नाही तिथलं तण बुडाशी छाटून, पुठ्ठा आणि वर काळं कापड वसंतापर्यंत दाबून ठेवा. जुनं कार्पेट अलॉटमेंटच्या बऱ्याच साइटवर चालत नाही. प्लॉट पडीक असल्याची नोटीस आली असेल तर केलेल्या कामाचे फोटो साइट सेक्रेटरीला (प्लॉटांची व्यवस्था पाहणाऱ्याला) पाठवा. पुढच्या वेळी निघण्यापूर्वीच कळवा. प्रकरण बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

प्रश्न : टोमॅटोच्या पानांवर तपकिरी डाग आणि काही फळांचं बूड काळं पडलंय. दोन्ही एकच रोग का?

उत्तर : नाही. फक्त बूड काळं, चपटं, कोरडं असेल तर तो रोग नव्हे. पाणी कधी खूप, कधी शून्य असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. अंड्याची टरफलं आता घालून उपयोग नाही. ती फळं तोडा, पाणी नियमित करा, पुढची नीट येतील.

पानांसोबत खोडही काळपट-तपकिरी होत असेल तर तो ब्लाइट, म्हणजे करपा, आणि उघड्यावर त्याला इलाज नाही. डाग नसलेली हिरवी फळं लगेच उतरवा, घरात कागदावर एका थरात पसरा आणि रोज डागाळलेली वेचून काढा. उरलेल्यांची भाकरीबरोबर चटणी. शेजारी बटाटे असतील तर त्यांचा पाला जमिनीलगत कापून तिथून दूर न्या; कंद दोन आठवड्यांनी, साल पक्की झाल्यावर काढा. रोगट बटाटे पुढच्या वर्षी बेण्याला वापरू नका. पुढच्या वर्षी टोमॅटोत क्रिमसन क्रश, बटाट्यात सार्पो मिरा लावून बघा. दोन्ही ब्लाइटला चांगली टिकतात.

प्रश्न : मोकळ्या झालेल्या वाफ्यात ऑगस्टअखेर काय पेरता येईल?

उत्तर : मेथी, कोथिंबीर, पालक. दिवस लहान होत असल्याने कोथिंबीर जूनसारखी लगेच फुलावर येत नाही. धणे रगडून दोन फाका करा. वाफा आदल्या संध्याकाळी भिजवा, बी दीड सेंटिमीटर खोल टाका. मुळा पेरायचाच तर याच आठवड्यात पेरा आणि पेरल्या दिवशीच बारीक जाळी घाला, नाहीतर उड्या मारणाऱ्या बारीक भुंग्यांनी (फ्ली बीटल) पानांची चाळण होते.