लहान विंग आणि वाढलेला वेग : पॅराग्लायडिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यातील काही वाचकांनी कमी क्षेत्रफळाच्या, वेगवान पॅराग्लायडर विंगविषयी (वैमानिकाला हवेत तोलणाऱ्या कापडी पंखाविषयी) विचारलेल्या प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. छापील उत्तर प्रशिक्षकाची जागा घेऊ शकत नाही, हे गृहीत धरूनच ती वाचावीत, ही विनंती.

प्रश्न : कामशेतला प्राथमिक प्रशिक्षण घेऊन मी दोन वर्षांपासून 26 चौरस मीटरची, ‘ईएन ए’ वर्गाची (युरोपीय मानकानुसार सर्वांत सुरक्षित, नवशिक्यांसाठीची) विंग उडवत आहे. सर्व साहित्य धरून माझे वजन 90 किलो होते. आता 16 चौरस मीटरची वापरलेली मिनी विंग स्वस्तात मिळत आहे. म्हैसमाळच्या बाजूच्या डोंगरांवर दुपारनंतर वारा वाढला की माझी विंग पुढे सरकत नाही; लहान विंगने अशा वाऱ्यातही उडता येते, असे मित्र सांगतात. ती घ्यावी का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण वजन आणि क्षेत्रफळ दोन्ही कळवले, हे बरे झाले, निर्णय त्यावरच अवलंबून आहे. आज आपल्या विंगच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण साडेतीन किलो भार येतो. 16 चौरस मीटरच्या विंगवर तो 5.6 किलो होईल. उड्डाणाचा वेग या भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत असल्याने भार 1.6 पट झाला की वेग सुमारे सव्वापट होतो. आजची विंग ब्रेक (मागची कड खाली ओढणाऱ्या दोऱ्या) सोडल्यावर ताशी 36 किलोमीटर वेगाने जात असेल, तर नवी सुमारे 46 किलोमीटर वेगाने जाईल. ऐकायला हा फरक थोडा वाटतो, परंतु जमिनीवर आदळताना अंगावर येणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे तीही 1.6 पट होते. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर आणि 46 म्हणजे जवळजवळ 13 मीटर. झाड दिसल्यापासून हात हलेपर्यंत दोन सेकंद गेले, तर तेवढ्यात पाच-सहा मीटर अधिक अंतर कापलेले असते.

लहान विंगच्या लाइन्सही (विंग आणि वैमानिक यांना जोडणाऱ्या दोऱ्या) आखूड असतात. त्यामुळे ब्रेकचा थोडासा खेच पुरतो, विंग चटकन कलते आणि वळणात उंची भराभर जाते. मोठ्या विंगवर हाताला ब्रेक जितका ओढण्याची सवय लागते, तितकाच या विंगवर ओढला तर एक बाजू स्टॉल होऊन, म्हणजे तिची हवेवरची पकड सुटून, विंग गरगर फिरू शकते. स्पायरलमध्ये (गिरक्या घेत वेगाने खाली येण्याच्या स्थितीत) तर ती काही क्षणांत शिरते. तेथे शरीरावर येणाऱ्या भाराने डोळ्यांपुढे अंधारी येते आणि बाहेर पडण्याची कृती करण्याचे भान राहत नाही. या विंगची ओढ समजून घेण्याआधीच ती उंचीवर नेणाऱ्या वैमानिकांना दुखापती होतात त्या बहुधा जमिनीजवळच्या शेवटच्या वळणात, आणि याचीच मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

मित्र सांगतात त्यात निम्मे खरे आहे. ताशी 30 किलोमीटरच्या वाऱ्यात 36 ची विंग जेमतेम पुढे सरकते आणि 46 ची आरामात सरकते. मात्र वाऱ्याचा जोर वाढला की त्यातील खळबळही वाढते, आणि ती विंग पाहून कमी होत नाही. आपल्याकडचे डोंगर बेसाल्टच्या थरांचे, वर सपाट पठार आणि कडेला एकदम तुटलेला कडा असे आहेत. वारा कड्यावर आदळून वर चढतो, काठावर त्याचा वेग वाढतो आणि पठारावर काठाच्या मागे तो उलटा गुंडाळला जातो, ज्याला रोटर म्हणतात. मागे ढकलला गेलेला वैमानिक नेमका त्या रोटरमध्ये पडतो. लहान विंगचा जास्त वेग हा अंदाज चुकल्यावर सुटण्यासाठीचा राखीव साठा आहे. तो जास्त वाऱ्यात टेक-ऑफ करण्यासाठीच खर्च केला, तर सुटायला हाती काही उरत नाही. ज्या वाऱ्यात आपण मोठ्या विंगने उडत नाही, त्या वाऱ्यात लहान विंगनेही पहिले वर्षभर उडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंगच्या पट्टीवरील प्रमाणपत्रही नीट वाचावे. ‘ईएन 926-1’ ही ताकदीची चाचणी आहे; तीत विंग कमाल वजनाच्या 8 पट भार पेलते का, एवढेच पाहतात. हवेतील वागणूक तपासून ए ते डी वर्ग देणारी चाचणी ‘ईएन 926-2’ ही आहे. अनेक मिनी विंगना फक्त पहिलेच प्रमाणपत्र असते. म्हणजे विंग फाटणार नाही याची हमी आहे, कोलॅप्सनंतर (हवेत दुमडल्यानंतर) ती स्वतःहून सावरेल याची नाही.

तेव्हा आज ही विंग घेऊ नये. आधी 21 ते 22 चौरस मीटरच्या विंगवर एक पूर्ण हंगाम काढावा, पाण्यावर घेतला जाणारा एसआयव्ही (विंग दुमडणे, स्टॉल अशा प्रसंगांतून सावरण्याचा) अभ्यासक्रम प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करावा, आणि त्यानंतर मिनी विंग घेतली तरी तिची ओळख मोकळ्या मैदानावर, ताशी 10 ते 15 किलोमीटरच्या सरळ वाऱ्यात ग्राउंड हँडलिंग (जमिनीवर उभे राहून विंग हाताळण्याचा सराव) करून घ्यावी. पहिली उड्डाणे सकाळच्या शांत हवेत, ओळखीच्या टेक-ऑफवरून आणि उतरायला प्रशस्त जागा असेल तेथेच करावीत. जमिनीपासून शेवटचे 50 मीटर सरळ रेषेत उतरायचे आणि त्यात मोठे वळण घ्यायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

प्रश्न : जास्त भाराची विंग खळबळीत लवकर कोसळत नाही, असे वाचले. मग एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी ती उडवण्यास हरकत आहे का? आमच्याकडे त्या दिवसांत वावटळी फार उठतात.
— एक वाचक, बीड

उत्तर : नुसती हरकत नव्हे, सक्त मनाई आहे. जास्त भाराच्या विंगमध्ये आतला दाब अधिक असल्याने लहानसहान झटक्यांनी ती दुमडत नाही, हे बरोबर आहे. पण दुमडली तर वेगामुळे तिचा झोका मोठा असतो, ती जोरात वळते आणि सावरायला वेळ कमी मिळतो.

उन्हाळ्यात नांगरलेली काळी जमीन तापली की तिच्यावरून थर्मल (वर चढणारे गरम हवेचे प्रवाह) इतक्या जोरात सुटतात की उभ्याउभ्या हवेची दिशा बदलते. वावटळ म्हणजे जमिनीला टेकलेला असाच फिरता थर्मल असून धूळ नसेल तेथे ती दिसतही नाही. उड्डाण न करताही तिचा धोका असतो, कारण मैदानावर पसरलेली विंग वावटळीने उचलली आणि आपण हार्नेसला (वैमानिकाच्या पट्ट्यांच्या आसनाला) जोडलेले असलो, तर माणूसही विंगबरोबर उचलला जातो. आसपास एखादी वावटळ दिसली की विंग त्वरित गोळा करून रायझर (लाइन्स हार्नेसला जोडणारे पट्टे) हार्नेसमधून सोडवावेत.

उष्णतेचा आणखी एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, 40 अंश तापमानात हवा इतकी विरळ होते की विंगचा खरा वेग समुद्रकिनाऱ्यावरील थंड सकाळीपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी वाढतो. आधीच वेगवान असलेल्या विंगला टेक-ऑफसाठी अधिक धावावे लागते आणि उतरताना पायही अधिक वेगाने टेकतात. आपल्या भागात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आणि त्यातही सकाळ किंवा सूर्यास्तापूर्वीचा तास-दीड तास योग्य आहे.

प्रश्न : बालाघाटाच्या डोंगरावरून उडाल्यावर खाली सगळी शेतेच आहेत. उतरण्यासाठी शेत कसे निवडावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : हवेत गेल्यावर निवडू नये, आदल्या दिवशी पायी फिरून निवडावे. शिकाऊ विंग शांत हवेत एक मीटर खाली येताना साधारण आठ मीटर पुढे जाते, लहान विंग त्याहून कमी जाते, म्हणून नेहमीच्या शेतापर्यंत पोहोचता येईल असे धरून चालू नये आणि अलीकडचे एक शेत राखून ठेवावे.

वरून सर्वांत फसवी दिसते ती शेतपंपाची वीजवाहिनी. तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून विहीर किंवा डीपी दिसली की तिच्याकडे जाणारी खांबांची रांग शोधावी आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे समजावे. कठडा नसलेल्या विहिरी आणि शेततळी यांची नोंद आधीच करून ठेवावी. शेततळ्याच्या उतारावर प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की हात-पाय धरत नाहीत. हार्नेस आणि लाइन्समध्ये गुरफटलेला माणूस तेथून स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. उसाच्या फडात किंवा उंच तुरीत उतरू नये. कापसाच्या पऱ्हाट्या आणि ज्वारीची धसकटे माणसालाही लागतात आणि कापडही फाडतात. हरभरा काढून मोकळे झालेले रान किंवा गवताचे सपाट माळरान मिळाले, तर ते उत्तम.

प्रश्न : विंगची देखभाल घरी कशी करावी? आमच्या माळावर सराटे फार आहेत, आणि विंग मी शेतातल्या पत्र्याच्या खोलीत ठेवतो.
— एक वाचक, लातूर

उत्तर : पत्र्याची खोली आजच बदला. विंगचे कापड हे लेप दिलेले रिपस्टॉप (फाट पुढे पसरू न देणाऱ्या विणीचे) नायलॉन असते. ऊन आणि उष्णता यांनी लेप खराब होऊन कापडातून हवा झिरपू लागते. मे महिन्यात पत्र्याखाली किंवा बंद गाडीच्या डिकीत जी उष्णता साठते, ती या लेपाला सोसत नाही. धान्याच्या खोलीतही ठेवू नये, कारण उंदीर लाइन्स कुरतडतात. खते आणि फवारणीची औषधे यांच्यापासून तर ती दूरच असावी. घरातील कोरडी, थंड, अंधारी जागा पुरते. घडी दाबून न घालता सैल ठेवावी.

सराटा कापडात रुतलेला असेल तर ओढू नये. हात आतून घालून कापड ताणावे, काटा ज्या दिशेने शिरला त्याच दिशेने मागे घ्यावा आणि मग ते ठिकाण उजेडासमोर धरून टाचणीएवढा उजेड दिसतो का ते पाहावे. प्रत्येक उड्डाणानंतर सेलची (विंगमधील हवा भरणाऱ्या कप्प्यांची) तोंडे खाली करून विंग हलके झटकावी, म्हणजे मागच्या कडेला साठलेली माती, कुसळे आणि नाकतोडे बाहेर पडतात. काळी माती ओली असताना घासू नये. ती वाळू द्यावी, झटकावी आणि उरलेला डाग साध्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने टिपावा. साबण, पावडर, ब्रश, वॉशिंग मशिन यांपैकी काहीही वापरू नये. दहिवरात भिजलेली विंग सावलीत, वाऱ्यावर पूर्ण वाळवूनच घडी घालावी. ओली बांधून ठेवलेली विंग दोन-तीन दिवसांत बुरशी धरू शकते.

लाइन्सकडे लोक कमी लक्ष देतात, आणि लहान विंगमध्ये खरी गोम तेथेच आहे. महिन्यातून एकदा प्रत्येक लाइन अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून रायझरपासून कापडापर्यंत हात सरकवत न्यावा. वेष्टण फाटले, आतला धागा तुटला किंवा एखादी जागा कडक झाली, तर बोटांना लगेच कळते. अरामिड (केव्हलरसारख्या धाग्याच्या) लाइन्स वारंवार वाकल्याने आणि उन्हाने कमजोर होतात. डायनीमा (पॉलिथिलीनचा मजबूत धागा) वाकण्याला दाद देत नाही, पण हळूहळू आखडते आणि उष्णतेला फार नाजूक असते, म्हणून विंगजवळ सिगारेट किंवा शेकोटी नको. भार पुढच्या ए आणि बी लाइन्सवर अधिक येत असल्याने त्या ताणलेल्या राहतात आणि मागच्या आखडतात. परिणामी विंगचे नाक वर उचलले जाते, ती मंदावते, आणि कापडही झिरपत असेल तर पुढे न सरकता थेट खाली बसू लागते, ज्याला पॅराशूटल स्टॉल म्हणतात. लहान विंगच्या मूळ लाइन्स आखूड असल्याने एका सेंटिमीटरचा फरकही तिला मोठ्या विंगपेक्षा अधिक जाणवतो. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी लाइन्सची मोजणी करावी लागते. रायझरवर ट्रिमर (पट्ट्यांची लांबी बदलून वेग कमी-जास्त करणारी सोय) असतील तर त्यांच्या पट्ट्या दातांच्या जागी झिजल्या आहेत का आणि ओढल्यावर सरकतात का, तेही तपासावे.

उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीने, बहुधा दोन वर्षांनी किंवा 100 तासांनी, विंग अधिकृत तपासणीला पाठवावी. तेथे कापडाची हवाबंदता, त्याची फाटण्याची ताकद आणि लाइन्सची लांबी मोजली जाते. धुळीत आणि काट्यांत वापर असेल तर मी दरवर्षी पाठवण्याचा सल्ला देईन. वापरलेली विंग विकत घेतानाही असा ताजा अहवाल मागावा; तो नसेल तर तपासणीचा खर्च किमतीत धरावा.

प्रश्न : कापडाला पडलेले भोक गावातल्या शिंप्याकडून शिवून घेतले तर चालेल का?
— एक वाचक, जालना

उत्तर : चालणार नाही. सुईची भोके नव्या फाटीची सुरुवात ठरतात. शिवणीपासून दूर असलेल्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या भोकावर दोन्ही बाजूंनी, कोपरे गोल कापलेली रिपस्टॉपची चिकट पट्टी लावावी. शिवणीजवळचे किंवा मोठे काहीही दुरुस्ती केंद्राकडे द्यावे. तुटलेल्या लाइनला गाठ मारून उड्डाण कदापि करू नये.

प्रश्न : लहान विंगबरोबर रिझर्व्ह (आणीबाणीचे) पॅराशूट लहान चालते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : रिझर्व्ह विंग पाहून निवडत नाहीत, एकूण वजन पाहून निवडतात. आपले सर्व साहित्यासह वजन त्याच्या कमाल मर्यादेच्या बरेच आत असावे. ते सहा महिन्यांनी, फार तर वर्षाने उघडून, हवा लावून पुन्हा घडी करून घ्यावे. डोंगराच्या उताराला लागून कमी उंचीवर उडताना ते उघडायला पुरेशी उंची नसते, एवढे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : गौताळ्याच्या घाटातून किंवा देवगिरी किल्ल्याच्या बाजूने उडण्यास कोणाची परवानगी लागते?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य असल्याने वनविभागाच्या परवानगीशिवाय तेथे टेक-ऑफ किंवा लँडिंग करता येणार नाही. देवगिरी किल्ला आणि वेरूळची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहेत. तेथून उडण्याचा विचार मनात आणू नये. चिकलठाणा विमानतळाभोवतालचे आकाश विमानांसाठी नियंत्रित असते, त्यामुळे त्या बाजूला जाण्यापूर्वी विमानतळ प्रशासनाकडे विचारणा करावी. इतर डोंगरांसाठी जिल्हा प्रशासन आणि स्थानिक पोलीस ठाणे यांना लेखी कळवावे, आणि ज्यांच्या शेतात उतरणार त्या शेतकऱ्यांना आधी प्रत्यक्ष भेटावे. कोणत्या शेतात पाणी सोडले आहे, कुठे नवी तार ओढली आहे, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकत नाही.