ओटावात भाजी लावायची तर सुरुवात फेब्रुवारीतच

ताई, तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: फेब्रुवारीत तुम्ही, तुमचे यजमान आणि सासूबाई मुलुंड सोडून ओटावाला येताय. भाड्याच्या घरामागे अंगण आहे. सासूबाईंनी इतकी वर्षं सोसायटीच्या गच्चीवर मिरच्या, वांगी, मेथी, अळू पिकवलं. आता बर्फात त्यांच्या बागेचं काय होणार, आणि करायचीच तर कधीपासून काय करायचं? मी मूळची पार्ल्याची, आता ओटावातच असते आणि दर उन्हाळ्यात मागच्या अंगणात भाजी करते, म्हणून सविस्तर लिहिते. बाग होते, आणि भरभरून होते. फक्त मुंबईचं वेळापत्रक इथे चालत नाही.

आपल्याकडे बागेचा हंगाम पाऊस ठरवतो. मृग लागला की भेंडी, काकडी, दोडका. पाऊस उघडला की टोमॅटो, वांगी, पालेभाज्या. थंडीनं रोप मरेल ही काळजी मुंबईत कुणी केलेलीच नसते. सांताक्रूझच्या वेधशाळेतला आजवरचा नीचांक ७.४ अंश, तोही जानेवारी १९६२ मधला. ओटावात मे महिन्यातली साधारण रात्र जवळपास तेवढीच गार असते! दुपारी स्वेटर काढून बसावं असं ऊन पडतं, माणसाला वाटतं आता लावू या टोमॅटो, आणि पहाटे पारा शून्याखाली जातो. इथलं दंव म्हणजे गोठलेलं दंव, फ्रॉस्ट; ते पडलेल्या टोमॅटोची, मिरचीची पानं सकाळी काळी पडून लोंबतात. ती रोपं सहसा पुन्हा सावरत नाहीत.

म्हणून इथल्या दोन तारखा आधी डोक्यात बसवा. वसंतातलं शेवटचं दंव सरासरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात पडतं, आणि शरदातलं पहिलं दंव सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. मधले जेमतेम पाच महिने आपले. सरासरी म्हणजे हमी नव्हे. त्यामुळे इथले जुने बागवाले नाजूक रोपं व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीपर्यंत जमिनीत लावत नाहीत. ही सुट्टी २५ मेच्या आधीच्या सोमवारी येते. बियांच्या पाकिटावर किंवा नर्सरीत ‘झोन ५’ असं काही दिसेल, त्याचा संबंध हिवाळ्यात तग धरणाऱ्या बहुवर्षायू झाडांशी आहे. भाजीसाठी दंवाच्या तारखा पाहायच्या.

आता पाच महिन्यांत मिरची, वांगं बी पेरण्यापासून काढणीपर्यंत बाहेर होत नाही. म्हणून त्यांचं बालपण घरात काढायचं, आणि इथेच तुमचं फेब्रुवारीतलं येणं सोयीचं आहे. मिरची आणि वांगं शेवटच्या दंवाच्या आठ-दहा आठवडे आधी पेरतात, म्हणजे मार्चच्या सुरुवातीला. टोमॅटो सहा-आठ आठवडे आधी, मार्चच्या मध्यापासून अखेरपर्यंत. त्याहून लवकर पेरून फायदा नाही. रोपं घरात उंच, किडकिडीत होतात आणि लावणीच्या वेळी थकलेली असतात.

मिरचीच्या बीला उगवायला २५ ते ३० अंश ऊब लागते. घरात हीटिंग असलं तरी ते २० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे ट्रेखाली ठेवायची हीट मॅट घ्या. ती नको असेल तर ट्रे उगवेपर्यंत फ्रिजच्या वर किंवा एखाद्या उबदार जागी ठेवा. खरी अडचण प्रकाशाची आहे. गच्चीवर जी गोष्ट फुकट मिळत होती ती इथे मार्चमध्ये विकत घ्यावी लागते. दक्षिणेची खिडकी चांगली वाटली तरी रोपं काचेकडे वाकून लांबतात. साधी पांढरी एलईडी पट्टी रोपांच्या वर चार-पाच इंचांवर टांगा, रोपं वाढतील तशी वर घ्या, आणि रोज चौदा-सोळा तास चालू ठेवा. टायमर लावला की लक्षात ठेवायची कटकट नाही. पाणी खालच्या ताटलीतून द्या आणि एक लहान पंखा मंद फिरता ठेवा. बंद घरातल्या दमट मातीत रोपं कोलमडण्याचा रोग पटकन येतो; बुडखा एका रात्रीत बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. वारा आणि वरून कोरडी माती हाच त्यावरचा खरा उपाय. बियांसाठी अंगणातली माती वापरू नका, बी पेरायचं हलकं मिश्रण पिशवीत मिळतं. कोकोपीटही मिळतं, सासूबाईंच्या हाताला त्याची सवय असेलच.

बाहेर बर्फ असताना अंगण ‘वाचायला’ सुरुवात करा. मुंबईत सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, बरोबर डोक्यावर येतो. ओटावा ४५ अंश अक्षांशावर आहे. इथे जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशीही दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो, आणि मार्चमध्ये तर आकाशाच्या निम्म्यावर. घराच्या किंवा उंच कुंपणाच्या उत्तरेची जागा म्हणूनच भाजीला निरुपयोगी. सहा ते आठ तास थेट ऊन हवं. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ कुठे आधी वितळतो ते बघून ठेवा, ती जागा सर्वांत उबदार. आणि ड्राइव्हवेच्या कडेला वाफा करू नका. हिवाळाभर टाकलेलं मीठ बर्फाबरोबर ढकललं जाऊन तिथेच साचतं.

मातीबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे घाई केली तर सबंध हंगाम भोगावा लागतो. ओटावाच्या बऱ्याच भागांत भारी चिकणमाती आहे. एप्रिलमध्ये बर्फ गेला की वरून जमीन मोकळी दिसते, पण खाली गोठण अजून सुटलेली नसते आणि पाणी मुरायला वाट नसते. अशा मातीत फावडं घातलं, नुसतं चाललं तरी ती दाबली जाते आणि जूनमध्ये विटेसारखी कडक होते. वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती खणण्याइतकी सुकेपर्यंत, थांबा. मूठभर माती घेऊन दाबा. लाडू वळला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर काम सुरू करा. तसाच चिकट राहिला तर अजून आठवडा जाऊ द्या. सासूबाईंना हे सांगावंही लागणार नाही कदाचित.

माझा सरळ सल्ला मात्र पहिल्या वर्षी जमीन खणू नका, गादीवाफा, म्हणजे जमिनीच्या वर उचललेला वाफा, करा. तो लवकर तापतो, पाणी निचरून जातं, आणि वयस्कर माणसाला फार वाकावं लागत नाही. चार फूट रुंद, आठ फूट लांब, एक फूट उंच अशी सीडरच्या फळ्यांची पेटी पुरे. चार फुटांहून रुंद केलीत तर मधोमध हात पोचत नाही. एका पेटीला ३२ घनफूट माती लागते. इथे माती क्यूबिक यार्डानं विकतात, एक यार्ड म्हणजे २७ घनफूट, त्यामुळे सव्वा यार्ड मागवा. ‘ट्रिपल मिक्स’ मागितलंत की माती, पीट आणि कंपोस्ट यांचं मिश्रण येतं. जुन्या, हिरवट रंगाच्या प्रक्रिया केलेल्या फळ्या कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका, २००४ पूर्वीच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं. घर १९६० च्या आधीचं असेल तर भिंतीलगतच्या मातीत जुन्या रंगातलं शिसं उतरलेलं असू शकतं. पालेभाजी तिथे मुळीच नको, आणि माती तपासून घेणं उत्तम. वेलांसाठी खांब रोवायचा असेल तर आधी ‘ओंटारियो वन कॉल’ला कळवा. जमिनीखालून गॅसची, विजेची लाइन कुठून जाते ते विनामूल्य खूण करून देतात. आणि घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकाची परवानगी लेखी घ्या. ती नाही मिळाली तर कापडी ग्रो बॅगा आहेतच, गच्चीवरच्या पिंपांइतकंच त्यांत पिकतं.

वाफसा आल्यावर, म्हणजे साधारण एप्रिलच्या उत्तरार्धात, थंडी मानवणाऱ्या भाज्या थेट पेरा: मटार, पालक, मुळा, मेथी, कोथिंबीर. हलक्या दंवानं यांचं काही बिघडत नाही. मेथीला स्वयंपाकघरातले दाणे चालतात, धणे हलके रगडून दोन पाकळ्या करून पेरायचे, हे तुम्हाला नवीन नाही. इथे नवीन एवढंच की जूनमध्ये दिवस लांबला, ऊन तापलं की कोथिंबीर आणि पालक भराभर फुलावर येतात. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा एक हात टाका. माठ आणि राजगिऱ्याला मात्र ऊब हवी, ते मेअखेरीनंतर.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून घरातल्या रोपांना बाहेरची सवय लावायची. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका. पहिल्या दिवशी तास-दोन तास सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला. मग रोज थोडं जास्त, थोडं ऊन, असं आठ-दहा दिवस, आणि रात्री पुन्हा घरात. दिव्याखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं की पानं पांढरी पडून करपतात. लावणीनंतरही एखादी जुनी चादर हाताशी असू द्या, दंवाचा इशारा आला की संध्याकाळी वाफ्यावर पांघरायची. प्लॅस्टिक पानांना टेकेल असं घालू नका.

आपल्या भाज्यांपैकी भेंडी, दुधी, दोडका, कारलं जमतं, पण यांना माती किमान १८ ते २० अंश तापलेली हवी. वेलभाज्यांच्या मुळांना हलवलेलं सोसत नाही, म्हणून मातीत विरघळणाऱ्या लहान कुंड्यांत तीन-चार आठवडे आधी करा आणि जूनच्या सुरुवातीला कुंडीसकट लावा. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात. फळं गळत असतील तर त्या वेळी नरफूल मादीफुलावर हलकेच फिरवायचं. अळूच्या अळकुड्या इंडियन ग्रोसरीत अरबी म्हणून मिळतात. मार्चअखेरीला घरात कुंडीत लावा, जूनमध्ये बाहेर, आणि पहिल्या दंवाआधी कंद काढून घरात. आपल्याला पानंच हवी असल्यानं हंगाम पुरतो. कढीपत्ता आणि तुळस कायम कुंडीत, ऑक्टोबर ते मे घरात.

दोन गोष्टींसाठी मात्र भारतातलं बी वापरू नका. एक कांदा. आपला कांदा लहान दिवसाचा, अकरा-बारा तासांच्या दिवसात पोसणारा. मुंबईचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, ओटावाचा साडेपंधरा तासांहून मोठा. आपलं बी इथे लावलं तर पात वाढायच्या आधीच कांदा धरतो आणि गोटीएवढा राहतो. इथली लांब दिवसाची जात घ्या. दुसरा पावटा. त्याच्या बऱ्याच देशी जाती दिवस लहान होईपर्यंत फुलतच नाहीत. वेल मांडवभर पसरतो, आणि फूल दिसेपर्यंत दंव येतं. त्याऐवजी इथली घेवड्याची लवकर येणारी जात लावलीत तर जुलैअखेर भाजी हातात येते.

बियांचं विचारलंत. गच्चीतली माती पिशवीभरसुद्धा आणू नका, कॅनडात ती आणायला मनाई आहे. मुळं, कंद, रोपंही परवान्याशिवाय नाहीत. बियांचे नियम पिकागणिक वेगळे आहेत, ते कॅनडाच्या अन्न तपासणी संस्थेच्या, म्हणजे सीएफआयएच्या, संकेतस्थळावर पिकाचं नाव घालून निघण्याआधी बघा. जे आणाल ते मूळ छापील पाकिटात आणा आणि विमानतळावर जाहीर करा. न सांगता आणलं तर दंड होतो. मिरची, वांगी, भेंडी, दुधी यांचं बी इथेही मिळतं, त्यामुळे जीव टांगणीला लावण्याची गरज नाही.

खारी आणि ससे कुंडीतले कोवळे अंकुर उकरतात, खातात. ग्राउंडहॉग (बिळात राहणारा, मोठ्या घुशीसारखा प्राणी) तर एका सकाळी अख्खा वाफा साफ करतो. तेव्हा पेटीबरोबरच जाळीचाही खर्च धरा, आणि ती वीतभर जमिनीत पुरा.

सासूबाईंना आणखी एक सांगा. गच्चीवर त्या सुक्या पानांचं खत करत असतील, तर ऑक्टोबरात इथे गल्लीभर कागदी पिशव्यांतून सुकी पानं बाहेर ठेवलेली असतात. शेजाऱ्यांना विचारून आणायची, गवत कापायच्या यंत्राखाली बारीक करायची आणि वाफ्यावर जाड थर द्यायचा. त्याआधी लसणाच्या पाकळ्या टोचून ठेवायच्या. हिवाळाभर खत होण्याचं काम थांबलेलं असतं, पण पुढच्या वसंतात बर्फ वितळला की त्याच थरातून लसणाची पात वर येते, आणि तुमचा दुसरा हंगाम पहिल्याहून आधी सुरू होतो.

घर ओटावाच्या कुठल्या भागात आहे आणि अंगण कोणत्या दिशेला ते कळवा, म्हणजे पेट्या कुठे ठेवायच्या ते नेमकं सांगता येईल. पहिल्या वर्षी दोनच पेट्या करा. एक मिरची, टोमॅटो, वांग्याची, आणि दुसरी पूर्ण सासूबाईंच्या पालेभाजीची.