कडू करांदा: वेलीवर लोंबणारे ‘बटाटे’ खावेत का?

प्रश्न : जंगलात एका उंच झाडावर चढलेल्या वेलीला पानापानाशी बटाट्यासारखे तपकिरी गोळे लागलेले दिसले. पाने मोठी आणि हृदयाच्या आकाराची होती. बरोबरच्या मंडळींपैकी एकाने हे करांदे असून उकडून खातात, असे सांगितले. हे फळ आहे की कंद, आणि ते खरोखर खाण्याजोगे असते का?

उत्तर : पाने एकाआड एक आणि खोड गोल, गुळगुळीत असेल, तर ती वेल करांद्याची, म्हणजे डायोस्कोरिया बल्बिफेराची, असण्याचा संभव मोठा आहे. अधिक खात्रीसाठी एक पान उजेडासमोर धरून पाहावे. देठ पात्याला जिथे मिळतो, त्या एकाच जागेतून अनेक ठळक शिरा निघतात, कमानीसारख्या वळत टोकाकडे जातात आणि त्यांच्यामधली जागा बारीक शिरांच्या जाळीने भरलेली असते. या जाळीमुळे वेल द्विदल असावी असा अनेकांचा समज होतो (‘जाळीदार शिरा म्हणजे द्विदल’ हा शाळेत शिकलेला नियम इथे दगा देतो). करांद्याचे कुळ मात्र एकदल वनस्पतींचे आहे. कोनफळाच्या वेलीलाही असे गोळे लागतात, परंतु तिचे खोड चौकोनी, कडांना पातळ पंख असलेले असते आणि तिची पाने समोरासमोर येतात.

आपण पाहिलेले गोळे फळे नव्हेत. करांद्याचे फळ म्हणजे तीन पंखांची कोरडी बोंडी. नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असल्यामुळे ती फक्त मादी वेलीवर धरते. गोळा हा पानाच्या बेचक्यात तयार होणारा, अन्न साठवणारा हवेतला कंद आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलेल्या शास्त्रीय नावातील ‘बल्बिफेरा’ या शब्दाचा अर्थही ‘कंद धारण करणारी’ असाच होतो. हा कंद वाटाण्याएवढा असू शकतो किंवा मुठीहून मोठाही होतो. त्याची साल चामखिळींसारख्या उंचवट्यांनी खडबडीत झालेली असते, आणि कापल्यावर आतला पिवळसर गर बोटांना चिकट लागतो. कोरड्या ऋतूत वेल वाळते, कंद गळून पडतात आणि पाऊस सुरू झाला की त्यांना कोंब फुटतात. दाट जंगलात जमिनीपर्यंत ऊन फारसे पोहोचत नाही. त्यामुळे कोवळा कोंब सुरुवातीला पानांवर फारसा खर्च न करता, कंदातल्या साठ्यावर भिस्त ठेवून उजेडाच्या दिशेने नुसता लांबत जातो.

खाण्याविषयीचे उत्तर मात्र सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे देता येत नाही. या एकाच जातीत लागवडीतून निवडले गेलेले, खाण्याजोगे वाण आहेत आणि रानटी, कडूजहर वेलीही आहेत. आफ्रिकेतील प्रकारांचे कंद बहुधा कोनाकोनांचे आणि आशियातील प्रकारांचे गोलसर असतात. पण त्यावरून मूळ प्रदेशाचा अंदाज येतो, कंद निर्धोक आहे की नाही हे कळत नाही. तुमच्या सोबत्याने सांगितलेले नाव बरोबर असूनही सल्ला चुकीचा ठरू शकतो, तो यामुळेच. रानातून अनोळखी वेलीचा कंद आणून खाऊ नये, असेच माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : कडू कंदाच्या चकत्या करून त्या काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवल्या की विष उतरते, असे ऐकले आहे. हा उपाय करांद्याला लागू पडतो का?

उत्तर : या उपायाची ख्याती प्रामुख्याने करांद्याच्या एका भावंडामुळे आहे. डायोस्कोरिया हिस्पिडा ही भारतापासून न्यू गिनीपर्यंत आढळणारी, काटेरी खोडाची आणि तीन-तीन पर्णिकांच्या पानांची वेल आहे. तिच्या कंदात डायोस्कोरीन नावाचे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य) असते; ते मज्जासंस्थेवर आघात करते आणि मात्रा जास्त झाल्यास झटके येतात. हे द्रव्य पाण्यात विरघळते, म्हणून पातळ चकत्या आणि सतत बदलणारे पाणी यांचा तिथे उपयोग होतो.

कडू करांद्यातील विष वेगळ्या घडणीचे आहे. त्यात डायोसबल्बिन गटातील द्रव्ये असतात; ती डायटर्पिनॉइड नावाच्या वेगळ्या रासायनिक वर्गातली आहेत. त्यांपैकी डायोसबल्बिन-बी यकृतात पोहोचल्यावर तिथलीच विकरे (एन्झाइम) त्याचे अतिशय क्रियाशील रूपात परिवर्तन करतात, आणि हे रूप यकृतपेशींमधील प्रथिनांना चिकटून त्यांना इजा पोहोचवते. पारंपरिक चिनी वैद्यकात हा कंद औषध म्हणून वापरला जातो, आणि तो घेतलेल्या रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा एका जातीसाठी उपयोगी पडणारी रीत दुसरीसाठी पुरेशी आहे असे गृहीत धरू नये, आणि धुतल्यानंतर कडूपणा कमी लागला एवढ्यावरून कंद निर्विष झाला असेही समजू नये.

प्रश्न : वेल दिसायला देखणी आहे. कुंपणावर चढवण्यासाठी लावली तर चालेल का?

उत्तर : ही वेल मूळची आशिया, आफ्रिका आणि उत्तर ऑस्ट्रेलिया येथील आहे. त्याबाहेरच्या प्रदेशात राहत असाल, तर कृपया लावू नये. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ती १९०५ मध्ये आणली गेली आणि पुढे तिथल्या झाडांवर हिरवे पांघरूण घातल्यासारखी पसरली. अनुकूल हवामानात ती दिवसाला सुमारे २० सेंटिमीटर वाढते. तिथे तिला फुले क्वचितच येतात, तरी तिचे काही अडत नाही. वेल उपटून टाकली, तरी जमिनीवर विखुरलेल्या छोट्याशा कंदातूनही नवी वेल उभी राहते. अखेर आशियातून लिलिओसेरिस चेनी हा केवळ याच वेलीची पाने खाणारा लाल भुंगेरा आणून तिथे सोडण्यात आला. पाने संपली तरी कंद उरतात, म्हणून कंद पोखरणारा त्याचा जातभाई, लिलिओसेरिस एजेना, २०२१ मध्ये त्याच्या जोडीला देण्यात आला.