जुन्या मराठी रहस्यकथा आणि त्यांची मुखपृष्ठं जमवायची आहेत, काय बघून घ्यावं आणि किती पैसे द्यावेत?

आजोबांच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची चार पुस्तकं सापडली, चित्रं बघून नाद लागला आणि आता संग्रह करायचाय, असं तुम्ही लिहिलंय. मी कोल्हापुरात पंधरा-सोळा वर्षं हाच उद्योग करतोय (घरचे याला उद्योग म्हणत नाहीत), म्हणून सांगतो.

आधी एक ठरवा: गोष्ट जमवायची की चित्र? अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, गुरुनाथ नाईकांचीही तेवढीच. सगळी आणायची म्हटलं तर माणसांना घराबाहेर झोपावं लागेल. शिवाय अर्नाळकरांचे नायक, झुंजार किंवा काळा पहाड, वाचायचेच असतील तर नव्या छपाईत मिळून जातात. जुनं मुखपृष्ठ मात्र गेलं की गेलं. मी चित्राच्या बाजूचा आहे, पुढचं सगळं त्याच बाजूने वाचा.

ही मुखपृष्ठं दुर्मीळ का झाली, ते कळलं की काय घ्यायचं हे आपोआप कळतं. आमच्याकडे करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, पण रहस्यकथांचा खरा मुक्काम गल्लीबोळातल्या दुकानवजा लायब्ऱ्यांत. तिथे एक पुस्तक दोन-तीनशे हातांतून फिरायचं. मग लायब्ररीवाला पुस्तक आलं की थेट बाइंडरकडे धाडायचा. बाइंडर मुखपृष्ठ काढून टाकायचा, पुठ्ठा घालायचा, पाठीला कापडी पट्टी मारायचा आणि तिन्ही कडा कापून सरळ करायचा. लायब्ररीवाला हौशी असला तर चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यायचा आणि बरोब्बर नायिकेच्या गालावर जांभळा शिक्का मारायचा. म्हणून आत मजकूर धड आणि मुखपृष्ठ गायब अशी पुस्तकं ढिगाने मिळतात, ती सोडा. शेवटची आठ पानं गेलेलं पण मुखपृष्ठ शाबूत असलेलं पुस्तक मी आनंदाने उचलतो. खुनी कोण ते कळत नाही, चालतंय.

चित्रकारांत दोन नावं डोळ्यांत भरून ठेवा, रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल. दोघेही मूळ गोव्याचे. अर्नाळकरांच्या नायकांना चेहरा दिला तो मुळगावकरांनी. त्यांचं स्प्रेचं काम ओळखू येतं: कातडी रेशमासारखी, कुठेही कुंचल्याची रेघ नाही. घरोघरी कॅलेंडरवर टांगलेली लक्ष्मी आणि पिस्तूल रोखलेला झुंजार एकाच हातातून उतरलेत, हे मला अजून गमतीचं वाटतं. दलालांचा जोर रेषेवर. बाकी कितीतरी मुखपृष्ठांवर कुणाचंच नाव नसतं आणि त्यातली काही या दोघांच्या तोडीची आहेत. नावापायी ती सोडू नका.

कोल्हापूर हे बाबूराव पेंटरांपासून जी. कांबळ्यांपर्यंत सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्यांचं गाव. त्यामुळे इथला रद्दीवालासुद्धा चित्राकडे बघतो. लक्ष्मीपुरीतले एक मामा आधी म्हणतात, "हे आता कोण वाचतंय? न्या की वीस रुपयांत." आपण जरा जास्त वेळ चित्र न्याहाळलं की, "हात चांगला हाय ह्याचा, पन्नास द्या." तेव्हा चेहरा कोरा ठेवायला शिका. मी २० ते १०० रुपयांत बहुतेक संग्रह केला. इंटरनेटवर तेच पुस्तक पाचशे-हजाराला लावलेलं दिसतं. लावलेला भाव म्हणजे विकला गेलेला भाव नव्हे.

आता साल. या पुस्तकांवर बरेचदा सालच नसतं, मग चोरासारखे ठसे शोधायचे. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक १९५७ च्या आसपासचं किंवा आधीचं, कारण त्या वर्षी एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. 'नवे पैसे' लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४, पुढे 'नवे' गळालं. प्रकाशकाचा पत्ता नुसता 'मुंबई ४' किंवा 'पुणे ३०' असा असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षी आला. आतल्या पानांवर 'नांव', 'कांहीं', 'केलें' असे अनुस्वार दिसले तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची सवय समजा. जुन्या वळणाचे मुद्रक पुढेही तसंच जुळवत राहिले, म्हणून एकट्या अनुस्वारावर फाशी देऊ नका. दोन-तीन पुरावे जुळवा.

अलीकडे रंगीत झेरॉक्सची मुखपृष्ठं चढवून पुस्तकं विकायला येतात. भिंग घेऊन जा. जुन्या ब्लॉकच्या (धातूच्या ठशांच्या) छपाईत ठिपके ठसठशीत असतात आणि एखादा रंग केसभर सरकलेला असतो, नायिकेची लिपस्टिक ओठाबाहेर गेलेली दिसते. कागदाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरांचा दाब कधीकधी हाताला लागतो. झेरॉक्स मागून गुळगुळीत.

रद्दीच्या दुकानांपेक्षा मला जास्त मिळालं ते पेठांतले जुने वाडे रिकामे होताना, माळ्यावर. कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांची पुस्तकं तर हमखास दुसऱ्या पुस्तकांच्या मागच्या रांगेत. त्यांच्या एका कथेवर अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, १९६९ मध्ये ते सुटले. माळ्यावरची लपवाछपवी त्यानंतरही सुरूच राहिली असणार. आणि कादंबरीकार बाबा कदम आमच्या कोल्हापूरचे, पेशाने वकील. त्यांची पुस्तकं इथे कुठल्याही घरात निघतात, त्यामुळे इथे त्यांना भाव नाही. तुमच्याकडे भाव असेल तर कळवा.

जपण्याबद्दल थोडंच, पण ते पोळून शिकलोय. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या खोलीत पाणी शिरलं आणि खालचे दोन खण भिजले. मी घाईने गठ्ठेच्या गठ्ठे तसेच वाळत घातले. गुळगुळीत कागदाची मुखपृष्ठं वाळताना एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना चित्रंच सोलून निघाली. ओली असतानाच एकेक सुटं करून मध्ये टीपकागद घालायला हवा होता. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन अजिबात नको. फाटलं तर मैद्याची पातळ खळ आणि पातळ कागद पुरतो. पिना गंजल्या असतील तर काढून दोऱ्याने शिवा. कसर लागू नये म्हणून मी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवतो. आणि खालचा खण आता कायमचा रिकामा.

सुरुवातीला मी स्वतःच बारा पुस्तकं बाइंडिंगला दिली होती. "मुखपृष्ठ ठेवा," असं बजावलं, आणि त्याने ठेवलंही. फक्त कडा कापताना खालचा अर्धा इंच गेला, त्यातच चित्रकारांच्या सगळ्या सह्या होत्या. तुमच्या चारही पुस्तकांच्या खालच्या कोपऱ्यात सही दिसते का बघा. अर्धीच दिसली, तर आपण दोघं एकाच बाइंडरची गिऱ्हाइकं.