नंबर दिला नि फोन सुरू झाले

या खेपेला टपालात एकच रडगाणं आहे, वेबसाइटवाले आमची माहिती घेतात तिचं पुढे करतात काय. निवडक पत्रं घेतलीयत, उत्तरं कमीजास्त लांबीची झालीत कारण काही प्रश्नांत दम होता आणि काहींत नव्हता, राग नसावा.

प्रश्न : ताई, मुलासाठी मुलुंड-भांडुप साइडला वन बीएचके बघतोय. एका प्रॉपर्टीच्या साइटवर फ्लोअर प्लॅन बघायला नंबर मागितला, ओटीपी आला, टाकला. प्लॅन धड दिसला नाहीच, पण चहा संपायच्या आत पहिला फोन आला आणि तेव्हापासून घोडबंदर, पनवेल, कुठून कुठून येतायत, एक जण तर कर्जतला सेकंड होम विकत होता. सकाळी फास्ट लोकलमध्ये लटकलेलो असताना पण फोन. नंबर बदलता येणार नाही, बँकेत तोच आहे. काय करू?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : काका, त्या धंद्यात तुम्हाला 'लीड' म्हणतात, म्हणजे गळाला लागू शकणारं गिऱ्हाईक. ओटीपी टाकलात म्हणजे नंबर चालू आहे आणि माणूस खरा आहे एवढं पक्कं झालं, मग तोच लीड एजंटला, बिल्डरच्या टेलिकॉलरला, चॅनल पार्टनरला (बिल्डरचे फ्लॅट कमिशनवर विकणाऱ्याला) असा एका झटक्यात बऱ्याच जणांकडे जातो. जो आधी पकडेल त्याची साइट व्हिजिट, म्हणून तर पहिल्या फोनला एवढी घाई. आता परत त्या फॉर्मवर जा आणि बटणाखालची ती मुंगीएवढ्या अक्षरातली ओळ वाचा. बहुतेक ठिकाणी इंग्रजीत साधारण असं असतं की मी या कंपनीला आणि तिच्या पार्टनर्सना फोन, एसएमएस, व्हॉट्सॲप करायला परवानगी देतो, माझा नंबर डीएनडीत (जाहिरातीचे फोन नकोत असं नोंदवलेल्यांच्या यादीत) असला तरीही. शेजारची टिक बऱ्याचदा आधीच मारून ठेवलेली असते. त्यामुळे नुसतं डीएनडी लावून हे फोन थांबत नाहीत, त्यांच्या कागदावर तुम्ही 'हो' म्हणालेले आहात.

मग तो 'हो' मागे घ्यायचा, लेखी. साइटच्या अगदी तळाशी जा, प्रायव्हसी पॉलिसी नाहीतर टर्म्सच्या पानावर तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि मेल असतो, ग्रीव्हन्स ऑफिसर म्हणून. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे अशा पोर्टलना तो द्यावाच लागतो आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते. कस्टमर केअरच्या चॅटवर वेळ घालवू नका, तिथे बॉट 'तुम्हाला मदत करण्यात आनंद आहे' म्हणत राहतो. मेल असा टाका:

'माझा नंबर अमुक. तमुक तारखेला तुमच्या साइटवर दिला होता. संपर्कासाठी दिलेली संमती मी आजपासून मागे घेत आहे. माझी माहिती तुमच्याकडून काढून टाका, ती कोणाकोणाला दिलीत त्यांची नावं कळवा आणि त्यांनाही काढायला सांगा.'

मराठीत पाठवा, इंग्रजीत पाठवा, पण सब्जेक्टमध्ये नंबर आणि तारीख टाका. 'कोणाला दिलीत' हे वाक्य गाळू नका, खरी किल्ली तीच आहे, कारण पोर्टलने तुम्हाला पुसलं तरी ज्या एजंटांकडे यादी गेली ते फोन करतच राहणार.

आता फोन करणाऱ्यांचं. जाहिरातीचा फोन 140 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला हवा. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी फ्लॅट विकत असेल तर ट्रायच्या (टेलिफोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डीएनडी ॲपवर किंवा 1909 वर तक्रार करा, फोन आल्यापासून 7 दिवसांच्या आत. आणि समोरच्याला शांतपणे विचारा, तुमचा महारेराचा (बिल्डर-एजंटांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा) एजंट नंबर सांगा. तो 'ए'ने सुरू होतो. नंबर नसलेला माणूस तिथेच फोन ठेवतो असा माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा अनुभव आहे, करून बघा.

आणि मुळात ज्यासाठी नंबर दिलात ते फुकट मिळतं हो! महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचं नाव किंवा 'पी'ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर टाकला की मंजूर प्लॅन, कार्पेट एरिया, किती फ्लॅट बुक झाले, ताबा कधी, सगळं दिसतं, मोबाइल नंबर कोणी मागत नाही. 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर क्यूआर कोड छापायची पण सक्ती आहे, तो स्कॅन केला की थेट तीच माहिती उघडते. साइट जरा संथ आहे, पण ती कर्जतला नेत नाही.

प्रश्न : प्रत्येक साइट उघडली की 'कुकीज ॲक्सेप्ट करा' असा पडदा येतो. ॲक्सेप्ट केलं की माझा फोन हॅक होतो का? मी घाबरून साइटच बंद करते.
– वाचक, गिरगाव

उत्तर : नाही हो, हॅक वगैरे काही नाही. कुकी म्हणजे साइटने तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी, 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली या इंजिनिअरने काढलेली युक्ती. ती नसेल तर पान बदललं की साइट तुम्हाला विसरेल, लॉगिन जाईल, कार्टमधली साडी गायब. त्रास त्या चिठ्ठीचा नाही, त्याच पानावर बसलेल्या जाहिरात कंपन्यांच्या चिठ्ठ्यांचा आहे, कारण त्याच कंपन्या बाकीच्या हजार साइटवर पण बसलेल्या असतात आणि तुम्ही सकाळी गुडघेदुखीचं तेल बघितलंत हे त्यांना संध्याकाळी रेसिपीच्या साइटवर पण माहीत असतं. सफारी आणि फायरफॉक्स अशा परक्या कुकीज आपणहून अडवतात. क्रोमने 2020 मध्ये बंद करू असं जाहीर केलं, मग पुढे ढकललं, पुढे ढकललं आणि शेवटी बेतच सोडून दिला. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन 'थर्ड-पार्टी कुकीज' म्हणजे याच परक्या कुकीज ब्लॉक करता येतात, एकदा करून टाका आणि त्या पडद्यावर 'रिजेक्ट' दिसलं तर रिजेक्ट दाबा, साइट चालते. तो पडदा मुळात युरोपातल्या कायद्यांमुळे आला, त्यांचा जीडीपीआर हा डेटा कायदा मे 2018 पासून लागू झाला तेव्हा जास्तच बोकाळला. आपल्या 2023 च्या डेटा कायद्यात (डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट) कुकी हा शब्द सुद्धा नाहीये.

माझं मत विचाराल तर कुकीला लोक उगाच एवढं भितात आणि दुकानात बिलिंग काउंटरवर मात्र मोबाइल नंबर घडाघडा सांगतात. कुकी पुसली की गेली, नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो आणि त्याच्या मागे बँक, आधार, गॅस, व्हॉट्सॲप सगळं बांधलेलं. बिलासाठी नंबर सक्तीचा करू नका असं केंद्राच्या ग्राहक खात्याने 2023 मध्येच दुकानदारांना बजावलंय. 'नंबर नाही देणार' म्हणा, बिल निघतं.

प्रश्न : ब्राउझरमधलं इन्कॉग्निटो (हिस्टरी न ठेवणारी खिडकी) लावलं की कोणालाच काही कळत नाही ना?
– वाचक, डोंबिवली (मुंबईच्या सदरात चालेल ना?)

उत्तर : चालेल, तुम्ही रोज मुंबईतच असता. आणि नाही, घरातल्यांना हिस्टरी दिसत नाही एवढंच. साइटला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसचं वायफाय असेल तर ऑफिसलाही दिसू शकतं. यावरून अमेरिकेत गूगलवर केस झाली होती आणि 2024 मध्ये तडजोड करताना गोळा केलेला डेटा नष्ट करायचं त्यांनी कबूल केलं.

प्रश्न : मुलगा नववीत आहे, टेस्ट सिरीजच्या ॲपवर त्याने जन्मसाल 2000 टाकून अकाउंट काढलं. ॲपला कॉन्टॅक्ट्स पण देऊन टाकलेत. काही होईल का?
– एक आई, विक्रोळी

उत्तर : पोलीस येणार नाहीत. पण नवीन डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्यांना मूल धरलंय, तो पूर्ण लागू झाला की त्यांच्यासाठी पालकांची संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी असेल. त्याने वय वाढवलं आणि हे सगळं कवच स्वतःच काढून ठेवलं! साल बदलायला लावा. कॉन्टॅक्ट्सचं म्हणाल तर कायद्यातच जवळपास असंच उदाहरण दिलंय, डॉक्टरचा ऑनलाइन सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधले कॉन्टॅक्ट्स मागितले आणि बाईने 'हो' म्हटलं तरी ती संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची, कारण सल्ल्याला कॉन्टॅक्ट्स लागत नाहीत. गणिताच्या टेस्टला तरी कुठे लागतात. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपचं नाव, मग परमिशन्स, तिथून काढून टाका, ॲप बंद पडणार नाही.

प्रश्न : पेपरात वाचलं, माहिती फोडली तर 250 कोटी दंड. मला त्यातले किती मिळणार?
– वाचक, लालबाग

उत्तर : शून्य. दंड सरकारी तिजोरीत जातो. उलट जुन्या आयटी कायद्यात 43अ कलमाखाली संवेदनशील माहितीच्या हलगर्जीबद्दल भरपाई मागता येते, नवा कायदा पूर्ण लागू झाला की ते कलम जाणार, आणि मला हे अजिबात पटलेलं नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि त्यात कंपन्यांना तयारीला 18 महिने दिलेत, म्हणजे मे 2027 उजाडणार. तेव्हा मात्र आपली माहिती मागायचा, दुरुस्त करायचा, पुसायला लावायचा हक्क मिळेल, नोटीस मराठीत मागता येईल, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच मागे घेणं सोपं ठेवावं लागेल. तक्रार आधी कंपनीकडे, त्यांना जास्तीत जास्त 90 दिवस, तिथे दाद लागली नाही तर डेटा प्रोटेक्शन बोर्डाकडे, ते सगळं ऑनलाइन चालणार आहे. आणि हो, खोटी किंवा उगाचची तक्रार केली तर तक्रारदारालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, त्यामुळे स्क्रीनशॉट, तारखा आणि पाठवलेले मेल एका फोल्डरात जपून ठेवा, तोंडी 'फोन येतात हो सारखे' एवढ्यावर तिथे काही चालणार नाही.