फक्त फोटोंवरून सर्जनचा अर्धपुतळा करायचा आहे. हात नसताना ते सर्जन वाटतील का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी आयुष्यभर शस्त्रक्रिया केल्या, कमाईतला मोठा वाटा गरीब रुग्णांसाठी दिला, आणि आता शिल्पकार त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालू या म्हणतोय. मी व्यक्तिशिल्पं करतो. माझं मत स्पष्ट आहे: स्टेथोस्कोप नको. सर्जनची ओळख त्याच्या हातांत असते आणि अर्धपुतळा छातीपाशी संपतो. ती उणीव एखादी वस्तू लटकवून भरून निघत नाही.

मानेकडे बघा. वर्षानुवर्षं टेबलावर वाकून काम करणाऱ्याची मान बहुतेक वेळा किंचित पुढे आलेली असते, खांदेही जरा गोलावतात. सत्काराच्या फोटोत माणूस ताठ बसतो, तिथे हे दिसत नाही. बेसावध असताना, बाजूने किंवा मागून टिपलेले फोटो घरच्यांकडून, सहकाऱ्यांकडून मिळवा. जुना फोटो आरशातल्यासारखा उलटा (डावं-उजवं बदलून) छापला गेलेला नाही ना, हेही तपासा. पुरुषांच्या शर्टाची, घालणाऱ्याच्या डाव्या हाताकडची पट्टी वर असते, त्यावरून कळतं. चेहऱ्याच्या दोन बाजू कधीच सारख्या नसतात. उलट्या फोटोवरून काम झालं तर घरचे ‘काहीतरी चुकतंय’ म्हणत राहतात, पण काय ते त्यांना सांगता येत नाही.

आणि डोळे. असंच एक काम मातीत असताना त्या सर्जनसोबत अनेक वर्षं काम केलेल्या एक सिस्टर बघायला आल्या. त्यांनी पुतळ्याच्या नाकातोंडावर तळहात आडवा धरला, मास्कसारखा, आणि बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हे डोळे सरांचे नाहीत. सर खालच्या पापण्या जरा आवळून बघायचे.” मी दोन्ही पापण्या पुन्हा केल्या. मातीच्या अवस्थेत अशा कुणाला तरी नक्की बोलवा. ब्राँझ ओतल्यावर काही बदलणं फार अवघड.

अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार ऊदों बुबुळ खोल कोरायचा आणि आत दगडाचा एक छोटासा कण राखायचा. भोवती सावली आणि त्या कणावर उजेड, की नजर जिवंत होते. मातीत आणि मेणातही हे साधतं. मात्र दिवा थेट डोक्यावर असेल तर डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख साचतो, म्हणून जागा आणि उजेड आधी ठरवा. उघड्यावर ठेवणार असाल तर पुतळा मूळ मापापेक्षा थोडा मोठा करा, नाहीतर तो लहानखुरा दिसतो.

दानशूरपणा चेहऱ्यात आणायच्या भानगडीत पडू नका, त्यातून गोड हसू तेवढं येतं. चौथऱ्यावर ‘थोर दानशूर’ लिहिण्याऐवजी त्यांनी कुणासाठी काय दिलं ते एका ओळीत कोरा. आणि मान पुढे झुकलेली असेल तर चौथरा असा घ्या की त्यांचे डोळे उभ्या माणसाच्या डोळ्यांहून थोडे वर येतील. म्हणजे त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर पडेल.